स्टेप डाउन म्हणजे नुसती पायरी उतरणे नव्हे



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला इंग्रजीचा एक कोपरा असतो. त्यात एक शब्द, त्याचा अर्थ आणि दोन वाक्ये असतात. या वेळी बाईंनी मला ‘स्टेप डाउन’ हा शब्दप्रयोग दिला आणि म्हणाल्या, हा दोन वाक्यांत मावणार नाही, हवे तेवढे कागद घे. म्हणून हा लेख मोठा झाला आहे. शेवटचे दोन कागद खिडकीच्या पलीकडे लावले आहेत, तेही वाचा. सालं आणि तारखा बाईंनी तपासून दिल्या आहेत.

स्टेप म्हणजे पाऊल किंवा पायरी. डाउन म्हणजे खाली. ‘सिट डाउन’ म्हटले की पहिलीतलं पोरगंसुद्धा खाली बसते. तसंच ‘स्टेप डाउन’ म्हणजे पाऊल खाली टाका, पायरी उतरा. बसमधून उतरताना, ओट्यावरून उतरताना हाच शब्द चालतो. तो झाला सरळ अर्थ.

पण बातम्यांत हा शब्द येतो तेव्हा तिथे ओटाही नसतो आणि बसही नसते. तिथे कोणीतरी पद सोडलेले असते. १५ जानेवारी २०२२ ला विराट कोहलीने कसोटी संघाचे कप्तानपद सोडले. त्याने खेळ नाही सोडला. तो संघात राहिला, धावा काढत राहिला, फक्त कप्तान राहिला नाही. याला इंग्रजीत म्हणतात, ‘ही स्टेप्ड डाउन अ‍ॅज कॅप्टन.’ म्हणजे कप्तान म्हणून तो खाली उतरला.

आता गंमत अशी की मराठीत आपल्याकडे अगदी हाच शब्द आधीपासून आहे, पायउतार होणे. घोड्यावरून, पालखीतून, गाडीतून उतरून जमिनीवर पाय ठेवणे म्हणजे पायउतार होणे. आणि पद सोडणे म्हणजेही पायउतार होणे. वर्तमानपत्रात ‘मंत्री पायउतार’ असे मोठ्या अक्षरात छापतात. इंग्रज लोकांनी आपल्याकडून घेतला की आपण त्यांच्याकडून, असे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, पद मोठे असले की माणूस उंचावर बसलेला दिसतो, राजाची गादी उंचावर, पाटलाचा ओटा उंचावर, मग सोडताना खाली उतरावेच लागते. हे दोघांनाही आपापले सुचले असेल. मला हे पटले.

वाक्यात कसा वापरायचा ते सांगते. कोणते पद सोडले ते सांगायचे असेल तर ‘अ‍ॅज’ लावायचे, जसे ‘स्टेप डाउन अ‍ॅज मॉनिटर’. जागेचे नाव घ्यायचे असेल तर ‘फ्रॉम’ लावायचे, जसे ‘स्टेप डाउन फ्रॉम द पोस्ट’. काल सोडले असेल तर ‘स्टेप्ड डाउन’. एवढे व्याकरण पुरे.

याच्या शेजारचे काही शब्द आहेत, त्यांची भेसळ करायची नाही. ‘स्टेप असाइड’ म्हणजे बाजूला होणे. चौकशी होईपर्यंत थोडे दिवस बाजूला थांबतो, असे कोणी म्हटले तर तो हा. ‘सॅक’ करणे म्हणजे काढून टाकणे. त्यात उतरणाऱ्याला कोणी विचारत नाही. आणि ‘रिटायर’ होणे म्हणजे वय झाले, खेळ झाला, नोकरीची मुदत झाली म्हणून थांबणे.

रिटायरचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. जामठ्याच्या स्टेडियमवर नोव्हेंबर २००८ मध्ये पहिली कसोटी झाली, भारत आणि ऑस्ट्रेलियाची. ती सौरव गांगुलीची शेवटची कसोटी होती. तो आधी भारताचा कप्तान होता, पण तेव्हा कप्तान होता धोनी. ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद झाले आणि सामना संपत आला, तेव्हा धोनीने गांगुलीला म्हटले, आता थोडी षटके तुम्हीच कप्तानी करा. गांगुलीने केली. मग भारत जिंकला. माझे बाबा म्हणतात, त्या दिवशी धोनी काही वेळ स्वतःहून पायरी उतरला आणि कोणाला कमीपणा वाटला नाही. त्याला इंग्रजीत स्टेप डाउन म्हणता येणार नाही, कारण पद धोनीकडेच होते. पण गोष्ट चांगली आहे म्हणून लिहिली.

सुनील गावसकर तर १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात मोठी स्पर्धा जिंकून मग कप्तानपदावरून उतरले. हरल्यावर उतरणारे पुष्कळ असतात.

आता राजीनामा. पद सोडताना जो कागद लिहून द्यायचा असतो त्याला राजीनामा म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘रेझिग्नेशन’ म्हणतात. आपण हा शब्द रोज ऐकतो पण तो फोडून पाहत नाही. राजी म्हणजे खुशी, कबूल असणे. नामा म्हणजे लिहिलेला कागद. करारनामा, जाहीरनामा, वकीलनामा यांत तोच नामा आहे. हे शब्द फारसीतून आले. म्हणजे राजीनामा याचा अर्थ ‘मी राजी आहे असा कागद’. यात सोडणे हा शब्द कुठेच नाही! हिंदीत कोर्टातल्या दोन पक्षांची तडजोड झाली की त्या कागदाला राजीनामा म्हणतात, आणि पद सोडण्याला इस्तीफा म्हणतात. आपल्या नागपुरात दोन्ही भाषा चालतात, म्हणून घोटाळा होऊ शकतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत एक शेतकरी जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि दुसरा ती घेताना कबुलायत लिहून द्यायचा. एकाची सोडायला खुशी, दुसऱ्याची घ्यायला खुशी. तिथूनच सोडण्याचा अर्थ कसा चिकटला ते समजते.

हा ‘राजी’ लक्षात ठेवा. पुढे माझ्या मामीची गोष्ट येणार आहे, तिथे तो लागेल.

राजीनामा कोणाला द्यायचा? आपण म्हणू, साहेबाला. पण सगळ्यात मोठ्या साहेबाने कोणाला द्यायचा? भारताच्या राष्ट्रपतींच्या वर कोणी नाही. मग संविधानात लिहून ठेवले आहे की राष्ट्रपतींनी राजीनामा उपराष्ट्रपतींना द्यायचा. आणि उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतींना. लोकसभेच्या अध्यक्षांनी उपाध्यक्षांना द्यायचा आणि उपाध्यक्षांनी अध्यक्षांना. जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी तब्येतीचे कारण लिहून राष्ट्रपतींकडे असा राजीनामा दिला होता. गावात उपसरपंच आपला राजीनामा सरपंचाला देतो आणि सरपंच देतो पंचायत समितीच्या सभापतींना. आपल्याकडे आता बेसा-पिपळा नगर पंचायत झाली आहे, पण पुष्कळांच्या मामाच्या गावी अजून ग्रामपंचायतच आहे, म्हणून सांगितले.

नुसता कागद लिहून खिशात ठेवला तर राजीनामा होत नाही. तो ज्याला द्यायचा त्याच्या हातात गेला पाहिजे. मंत्र्यांच्या बाबतीत तर दिला तरी पुढे स्वीकारावा लागतो. लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. १९५६ मध्ये रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्यांनी राजीनामा दिला, पण पंतप्रधान नेहरूंनी तो घेतला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मद्रास राज्यात अरियलूरला पुन्हा अपघात झाला, खूप माणसे गेली. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, तेव्हा तो स्वीकारला. गाडी काही त्यांनी चालवली नव्हती. तरी उतरले.

आता आपल्या नागपूरची एक गोष्ट. ही पुस्तकात नाही, बाईंनी सांगितली.

स्वातंत्र्याच्या आधी आपला भाग मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९३७ मध्ये डॉक्टर नारायण भास्कर खरे त्या प्रांताचे प्रमुख झाले. आज ज्याला मुख्यमंत्री म्हणतो त्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. त्यांच्या मंत्रिमंडळात भांडणे सुरू झाली. काही मंत्री त्यांचे ऐकेनात. डॉक्टर खऱ्यांना ते मंत्री नको होते. मग जुलै १९३८ मध्ये त्यांनी काय केले, तर स्वतःच राजीनामा दिला!

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याला काढायचे तर स्वतः कशाला उतरायचे? मलाही आधी समजले नाही. बाईंनी बैलगाडीचे उदाहरण दिले. धुरकरी उतरला की गाडी थांबते, मग मागे बसलेल्या सगळ्यांनाच उतरावे लागते. तसे प्रमुखाने राजीनामा दिला की पूर्ण मंत्रिमंडळ जाते. मग तोच धुरकरी पुन्हा चढतो आणि ज्याला पाहिजे त्यालाच घेतो. डॉक्टर खऱ्यांचा बेत असा होता. त्यांच्याबरोबर दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. पण तीन मंत्री म्हणाले, आम्ही देत नाही. ते गाडीला धरूनच बसले म्हणा ना. मग गव्हर्नरने त्या तिघांना काढून टाकले आणि डॉक्टर खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ केले.

पण काँग्रेसचे मोठे पुढारी रागावले. आम्हाला न विचारता इंग्रज गव्हर्नरच्या हातून आपल्याच माणसांना काढले, हे त्यांना खपले नाही. दोन-तीन दिवसांतच डॉक्टर खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला, आणि या वेळी परत चढायला मिळाले नाही. पंडित रविशंकर शुक्ल प्रमुख झाले. एकाच आठवड्यात एकाच माणसाचे दोन राजीनामे! पहिला चढण्यासाठी उतरलेला आणि दुसरा उतरवलेला. दोन्ही कागदांवर राजीनामा हाच शब्द, पण माझ्या मते खरा राजी कोणत्यातच नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, सगळ्या प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. इंग्रजांनी हिंदुस्थानाला न विचारता युद्धात ओढले म्हणून. नागपूरचेही मंत्रिमंडळ त्यात गेले. त्यात परत चढायचा डाव नव्हता.

राजीनाम्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची आहे. आपण दीक्षाभूमीला जातो, तिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी धम्मदीक्षा घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या पाच वर्षे आधी त्यांनी राजीनामा दिला होता ते किती जणांना माहीत आहे? ते भारताचे पहिले कायदामंत्री होते. त्यांनी हिंदू कोड बिल तयार केले. त्यात मुलींना बापाच्या मालमत्तेत हिस्सा, एका पुरुषाने एकच लग्न करायचे, नवऱ्याशी पटत नसेल तर बाईला वेगळे होता यावे, असे कायदे होते. पुष्कळ लोकांनी विरोध केला. बिल पुढे ढकलत ढकलत मागे पडले. तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यांची आणखीही कारणे होती, पण हे एक मोठे होते.

पद सोडणारा मंत्री संसदेत उभा राहून आपण का सोडले ते सांगतो, त्याला निवेदन म्हणतात. बाबासाहेब ऑक्टोबरमध्ये निवेदन करायला गेले तर त्यांना सांगितले गेले की आधी त्याची प्रत द्या. ते त्यांना मान्य झाले नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. म्हणजे उतरताना गुपचूप नाही उतरले, कारण सांगून उतरले. ते कायदे मग तुकड्यातुकड्याने १९५५ आणि १९५६ मध्ये झाले. आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देशभर मिळाला तो २००५ मध्ये. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत, म्हणून हे सगळ्यांनी नीट वाचावे.

चिंतामणराव देशमुखांचेही नाव घेतले पाहिजे. ते रायगडकडचे, पण सरकारी अधिकारी म्हणून त्यांची बरीच वर्षे आपल्या मध्यप्रांतात गेली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता वेगळी ठेवायचे सरकारने ठरवले ते त्यांना पटले नाही, आणि जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रीपद सोडले. महाराष्ट्र मुंबईसह झाला तो १ मे १९६० ला.

आता मामीची गोष्ट. गावाचे नाव मामीने लिहू नको म्हणून सांगितले आहे. मामीला विचारूनच लिहून राहिली आहे.

माझी मामी २०२१ मध्ये तिच्या गावची सरपंच झाली. पद बाईसाठी राखीव होते. तेव्हा तिथे निवडून आलेले नऊ सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. पॅनलमध्ये दोन बाया होत्या, मामी आणि दुसरी एक. मग माणसांनी आपसांत ठरवले, पहिली अडीच वर्षे ही, पुढची अडीच वर्षे ती. असे पुष्कळ गावांत करतात. कायद्यात असे अडीच-अडीच काही नाही, पण शब्द म्हणून चालते. शब्द दिला तो मामाने. मामीला कोणी विचारले नव्हते.

अडीच वर्षे झाली. एके दिवशी संध्याकाळी पॅनलची माणसे मामाच्या घरी आली. त्यांनी टाइप केलेला कागद आणला होता. चहा झाला. मग मामीला बाहेर बोलावून म्हणाले, वहिनी, इथं सही करा. मामी दहावी शिकली आहे. तिने कागद वाचायला घेतला. त्यात लिहिले होते की माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.

मामी म्हणाली, ‘मले त काहीच झालं नाही. काल दिवसभर कापूस वेचला मी.’

ते म्हणाले, असं लिहावंच लागते, कारण पाहिजे.

मामी म्हणाली, ‘आणि मी राजीच नाही, त हा राजीनामा कायचा?’

हे वाक्य आमच्या घरी आता म्हणीसारखे झाले आहे. जेवताना कोणी कारलं वाढलं की माझा भाऊ म्हणतो, मी राजीच नाही.

पण तेव्हा हसण्यासारखे नव्हते. मामाचा चेहरा उतरला, कारण शब्द त्याचा गेला. तो आठ दिवस मामीशी धड बोलला नाही. आणि दुसरी बाई होती तिचेही काही चुकले नव्हते. ती अडीच वर्षे वाट पाहत होती. माझी आई म्हणते, मामीचे बरोबर होते. बाबा म्हणतात, ठरले होते तर द्यायला पाहिजे होते, दुसरीनेही कधी खुर्ची पाहायची? यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

मामीचे म्हणणे असे होते की गावात नळयोजनेची टाकी अर्धी बांधून झाली आहे. आता मी उतरली तर नवीन माणसाला सगळे कागद समजेपर्यंत उन्हाळा येईल. गावातल्या बाया दूरच्या विहिरीवर जात होत्या, मामी स्वतःही जात होती. ती म्हणाली, ‘टाकी भरू द्या. मंग मी माह्या पायानं उतरीन. शब्द यायनं देल्ला होता, आता मी देतो.’

पॅनलची माणसे म्हणाली, नाही तर अविश्वास ठराव आणू. अविश्वास ठराव म्हणजे सदस्यांनी मिळून सरपंचाला खाली उतरवणे. ते स्टेप डाउन नव्हे. बाईसाठी राखीव पदावर बाई सरपंच असेल तर त्यासाठी सदस्यांपैकी तीन चतुर्थांश जण लागतात. चौथीच्या मुलांनो, नऊचे तीन चतुर्थांश किती? पावणेसात. पावणेसात माणसे कशी मत देणार? म्हणून सात पाहिजेत. त्यांनी मोजले तर सहा भरले. सातवा सदस्य म्हणाला, माझ्याही घरी पाणी नाही, मी येत नाही. ठराव आलाच नाही.

कोणीतरी असेही म्हणाले होते की सही आपणच करून टाकू. ते ऐकून मामी तालुक्याला जाऊन विचारून आली. राजीनामा खरा नाही असे सरपंचाचे म्हणणे असेल तर सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, असे तिला कळले. तिने गावात येऊन हे चार जणांसमोर मोठ्याने सांगितले. पुन्हा कोणी सहीचे नाव काढले नाही.

टाकी उन्हाळा अर्धा गेल्यावर भरली. पहिल्या दिवशी पाणी लाल आले, मग चांगले आले. त्यानंतर दोन आठवड्यांनी मामीने साध्या कागदावर स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिला आणि पंचायत समितीत जाऊन सभापतींकडे दिला. त्यात प्रकृतीचे नाव नव्हते. मी तो कागद पाहिला नाही, पण मामीने पाठ म्हणून दाखवला. तिने लिहिले होते की नळयोजनेचे काम पूर्ण झाले आहे आणि ठरल्याप्रमाणे दुसऱ्या सदस्या भगिनीला संधी मिळावी म्हणून मी माझ्या खुशीने सरपंचपद सोडत आहे. मामा सोबत गेला होता. येताना त्याने सगळ्यांसाठी जिलेबी आणली. दुसरी बाई सरपंच झाली. मामी सदस्य राहिलीच, कारण तिने फक्त सरपंचपद सोडले होते. कोहलीसारखे!

मला वाटते, टाइप केलेल्या कागदावर तिने सही केली असती तर त्या दिवशीही ती खालीच आली असती, पण त्याला मी स्टेप डाउन म्हटले नसते. स्टेप म्हणजे पाऊल, आणि पाऊल ज्याचे त्याने टाकायचे असते. कोणी हात धरून ओढले तर ते पाऊल कसले? बाबांना हे लिहिलेले वाचून दाखवले. ते म्हणाले, बरं लिहिलं, पण सहा महिने उशीर झाला तो झालाच.

एक शब्द राहिला. पद सोडले की ‘चार्ज’ द्यावा लागतो. मराठीत त्याला पदभार सोपवणे म्हणतात, पण ऑफिसात सगळे चार्जच म्हणतात. माझे आजोबा पोस्टात होते. ते सांगतात की बदली झाली की नुसते उठून जाता येत नाही. तिकिटे किती, रोकड किती, शिक्के किती, तराजू, कुलपे, किल्ल्या, सगळे मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचे. मग दोघांनी चार्ज रिपोर्टवर सह्या करायच्या. एकदा एक शिक्का सापडेना म्हणून आजोबा आणि नवे बाबू रात्री नऊपर्यंत कंदील घेऊन शोधत होते. शिक्का टपालाच्या थैलीत निघाला. मामीनेही असाच चार्ज दिला. टाकीच्या खोलीची किल्ली तिने नव्या सरपंचबाईच्या हातात दिली आणि कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा ते जाऊन दाखवले. तो डावीकडे फिरतो, सगळ्यांना वाटते उजवीकडे.

आता आपल्या शाळेचे. आपल्या शालेय मंत्रिमंडळात मुख्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री सगळे चौथीचे आहेत. परीक्षा झाली की आपण दुसऱ्या शाळेत जाणार, म्हणजे आपली मुदत संपणार. ते स्टेप डाउन नाही, ती मुदत संपणे आहे. राजीनामा लिहायची गरज नाही. पण चार्ज द्यावा लागेल, असे मी बाईंना सुचवले आणि बाईंनी होकार दिला. मी यादी करायला घेतली आहे. घंटा एक, तिचा टोला एक. पाण्याच्या टाकीचे झाकण एक, त्याला बांधलेली सुतळी. खराटे चार, त्यातला एक तुटका. फुटबॉल एक, हवा भरायचा पंप एक, पंपाची पिन नाही. उड्या मारायच्या दोऱ्या तीन. इंग्रजीचा शब्दकोश एक, पहिली आठ पाने सुटलेली. ज्यांच्याकडे काही वस्तू घरी राहिल्या असतील त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्याव्यात, विशेष करून पंपाची पिन. तिसरीच्या मुलांनी पेन घेऊन यावे, सही करावी लागेल.

एक विद्यार्थिनी,
इयत्ता चौथी, बेसा